बावन्न वजा सतरा बरोबर पंचेचाळीस

सावळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, तेव्हा सांभाळून घ्या.

मुलगा तिसरीत आहे. परवा पालकसभा होती. बाईंनी गणिताची वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तसा शांत आहे हो, पण ग्रास्पिंग कमी आहे." त्यानंतर त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. परत येताना हा विचारतो, "आई, ग्रास्पिंग म्हणजे काय?" मी म्हटलं, समजून घ्यायची शक्ती. तर म्हणाला, "मग माझ्याकडे किती आहे?"

नवऱ्याचं म्हणणं, बुद्ध्यांक चाचणी करून टाकू, सोक्षमोक्ष लागेल. माझी आई म्हणते, "काही नको, तूही चौथीपर्यंत अशीच होतीस." दोघांच्याही बोलण्याने धीर आला नाही.

बुद्धी अशी मोजता येते का? एकदा मोजली की तीच राहते का? आणि अभ्यास जमणं-न जमणं तिच्यावर किती? जाणकारांनी लिहावं. "काळजी करू नका" सोडून काहीही चालेल.

पंक्चर_पतंग

आमच्या वेळी ग्रास्पिंग-बिस्पिंग नव्हतं, सरळ "ढ" म्हणायचे. एका अक्षरात काम. ब्राह्मी लिपीपासून आजवर बाकी अक्षरं बदलली, ढ तसाच राहिला, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. खरंखोटं लिपीवाले जाणोत. मी मात्र या अक्षराचा आजीव सभासद आहे.

(बसतो इथेच. धागा पेटणार.)

अर्धविराम

ताई, ग्रास्पिंग तूर्त बाजूला ठेवा. बावीस वर्षं प्राथमिकला शिकवतेय, हा शब्द मीही वापरलाय आणि नंतर जीभ चावलीय. त्यातून ना तुम्हाला काही कळतं, ना बाईंना.

वही उघडा. एका पानावरची सगळी उदाहरणं त्याच्या उत्तरांसकट इथे टंका. बरोबर आलेलीही हवीत, ती गाळू नका.

खडूस_काका

लोकांना आवडणार नाही, पण लिहितो. बुद्धी मोजता येते आणि ती मोजणी चांगली चालते. चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्येच दाखवलं की ज्या मुलाला एका विषयात बरे गुण पडतात, त्याला सहसा बाकीच्या विषयांतही पडतात. या सगळ्यामागे जे सामाईक काही आहे, त्याला त्याने "जी" म्हटलं. त्यानंतर शंभर वर्षं लोक ते खोडायला बसलेत, ते काही जात नाही. इंग्लंडमधल्या सत्तर हजारांवर मुलांचा एक अभ्यास २००७ मध्ये आला. अकराव्या वर्षीच्या बुद्धिचाचणीचा सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेशी सहसंबंध ०.८१ (१ म्हणजे पूर्ण मेळ). मानसशास्त्रात असे आकडे रोज दिसत नाहीत.

वर अनुवंशाचा भाग आहेच, आणि वय वाढतं तसा तो वाढत जातो. तेव्हा चाचणी करा, आकडा स्वीकारा, मुलाला उगाच पिळू नका. यात क्रूर काही नाही.

मुक्कामपोस्ट

काका, कुठल्या जमान्यात आहात? हॉवर्ड गार्डनरने १९८३ मध्येच सांगितलंय की बुद्धी एक नसतेच. भाषिक, तार्किक, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, आंतरवैयक्तिक, स्वतःला ओळखण्याची, अशा सात. नंतर निसर्गाची आठवी धरली. सावळीताई, तुमचा मुलगा कदाचित सांगीतिक असेल! त्याची बुद्धी शोधा, गणितामागे का लागताय?

पंक्चर_पतंग

म्हणजे वजाबाकी गाऊन दाखवायची?

त्रिज्या

पतंगराव, हसवलंत, पण बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

मुक्कामपोस्ट, गार्डनरचं म्हणणं माणूस म्हणून फार गोड आहे. गाणारा आणि पळणारा मुलगाही आपापल्या जागी हुशार, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? पण मोजायला गेलं की या बुद्ध्यांमधल्या निदान भाषिक, तार्किक आणि अवकाशीय तरी एकमेकींचा हात सोडत नाहीत, काकांचा "जी" पुन्हा डोकं वर काढतो. आणि मुलाला सुरांचा कान असला तरी हातच्याची वजाबाकी शिकावीच लागते, ती तो कान करून देत नाही.

आता काका. तुमचे आकडे बरोबर आहेत. पण बुद्धिचाचणी जन्माला कशी आली तेवढं आठवा. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ती केली, कारण कुठल्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल हे शिक्षकाच्या मर्जीवर सोडायचं नव्हतं. हा मुलगा मुळातच मंद, असा शिक्का मारायला ती नव्हती. उलट बुद्धी म्हणजे ठरलेला साठा, तो वाढवता येत नाही, या मताला बिनेने "क्रूर निराशावाद" म्हटलंय. १९११ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्नने मानसिक वयाला (म्हणजे ज्या वयाची कोडी मुलाला जमतात त्या वयाला) खऱ्या वयाने भागून बुद्ध्यांक काढला, १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मनने त्याला शंभराने गुणून घरोघरी पोचवलं. मदत कुणाला द्यायची हे शोधायचं साधन, बघता बघता मुलाच्या कपाळावरचा आकडा झालं.

आणि तो आकडा दगडावर कोरलेला नाही. सहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये एक मोठा आढावा आला. शाळेचं एक वर्ष जास्त मिळालं की बुद्ध्यांक सरासरीने १ ते ५ गुणांनी वाढतो, असा निष्कर्ष होता. म्हणजे बुद्धीमुळे शाळा जमते हे खरं, आणि शाळेमुळे बुद्धी वाढते हेही खरं. तुमच्या ०.८१ मध्ये हे दोन्ही मिसळलंय. अकराव्या वर्षी चाचणी देणारं मूल सहा-सात वर्षं शाळेत बसलेलंच असतं ना?

खडूस_काका

बरं, शाळेचं मान्य. पण अनुवंश? तो कुठे गेला?

त्रिज्या

कुठेही गेला नाही, आहे तिथेच आहे. पण अनुवंशाचा वाटा म्हणजे एका ठरावीक समूहात, ठरावीक परिस्थितीत, माणसामाणसांतल्या फरकातला वाटा. एका मुलाच्या बुद्धीचे इतके टक्के जनुकांतून आले, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि अनुवंशिक म्हणजे न बदलणारं, असं तर नाहीच. लांबचा चष्मा घराण्यात चालत येतो. म्हणून आपण मुलाला "फळा दिसत नाही हे स्वीकार" म्हणतो का?

शिवाय जेम्स फ्लिन. १९८४ मध्ये त्याने दाखवलं की चाचणीत लोकांचे गुण दर दहा वर्षांनी साधारण तीनने वाढत आलेत. चाचणीवाले दर काही वर्षांनी शंभर, म्हणजे सरासरी, कुठे धरायचे ते नव्याने ठरवतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. (काही देशांत ही वाढ अलीकडे थांबलीय, उलटलीही आहे. म्हणजे ती आपोआप होणारी गोष्ट नव्हती.)

सावळी

एवढं सगळं वाचून रात्री झोप लागली नाही, ते वेगळं! अर्धविरामताई, ही घ्या वही:

५२ − १७ = ४५
८६ − ४२ = ४४
६३ − २८ = ४५
४० − १६ = ३६
९५ − ६० = ३५
७१ − ३५ = ४४

सहापैकी दोन बरोबर. खाली लाल शाईत "निष्काळजीपणा टाळ" लिहिलंय.

अर्धविराम

निष्काळजीपणा? अहो ताई, इतकं काटेकोर पोर मी या महिन्यात पाहिलं नाही.

बघा. ५२ − १७. एककाच्या घरात २ आणि ७. दोनातून सात जात नाहीत, मग तो सातातून दोन काढतो, पाच. दशकाच्या घरात पाचातून एक, चार. पंचेचाळीस. ६३ − २८ : आठातून तीन पाच, सहातून दोन चार, परत पंचेचाळीस. ४० − १६ : सहातून शून्य सहा, चारातून एक तीन, छत्तीस. ७१ − ३५ तुम्हीच करून बघा. जिथे वरचा अंक मोठा होता, ती दोन्ही बिनचूक आली. सहाच्या सहा उदाहरणांत एकच नियम पाळलाय: मोठ्यातून लहान काढायचा, वरचा कोण आणि खालचा कोण ते बघायचं नाही.

हा नियम त्याला कुणी शिकवला? आपणच. पहिलीपासून "मोठ्यातून लहान वजा करायचं" असं आपण घोकून घेतो. त्याने ते प्रत्येक घरात वेगवेगळं लावलं. ज्याला ग्रास्पिंग नाही म्हणतात, त्याने आपलं वाक्य आपल्यापेक्षा जास्त मनावर घेतलं.

जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशाच चुका संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये असाव्यात तशा मांडून दाखवल्या. चुकीच्या पायरीचा शोध लागला की मूल पुढचं उदाहरण कसं चुकवणार तेही आधी सांगता येतं. करून बघायचंय? त्याला ८४ − २९ द्या. ६५ आणेल. आलं की कळवा.

सावळी

दिलं. ६५.

अंगावर काटा आला.

पंक्चर_पतंग

आम्ही ढ लोकही प्रोग्रॅमच होतो म्हणायचे. कुणी लिहून घेतलं नाही एवढंच.

त्रिज्या

अर्धविरामताई, तुमच्या प्रतिसादावरून आठवलं. बिने गेल्यावर आठ-नऊ वर्षांनी एक तरुण स्विस माणूस त्याच्याच नावाच्या प्रयोगशाळेत सिमाँच्या हाताखाली आला. काम कंटाळवाणं होतं, इंग्रजीतल्या बुद्धिचाचण्या पॅरिसच्या मुलांवर ठाकूनठोकून बसवायच्या. बरोबर उत्तरं मोजायची, बेरीज करायची. याला मात्र चुकलेल्या उत्तरांचं कुतूहल. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने का चुकतात? मग तो त्यांच्याशी गप्पा मारत बसायला लागला. तो ज्याँ पियाजे, मुलं विचार कसा करतात याचा पुढे मोठा अभ्यासक झालेला.

एकाच खोलीतून दोन वाटा फुटल्या की! एकीवर "किती बरोबर" विचारतात, दुसरीवर "हे उत्तर कुठून आलं". सावळीताईंच्या नवऱ्याला पहिली वाट दिसतेय.

पियाजेचं सगळंच टिकलंय असं नाही, बरं का. वस्तूंच्या दोन सारख्या रांगांपैकी एक नुसती पसरली की लहान मुलं "आता यात जास्त" म्हणतात, यावरून त्याने पाच वर्षांच्या मुलाला संख्या कायम राहते हे कळत नाही असं ठरवलं. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ती रांग एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून विस्कटवली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही केलं नाही म्हटल्यावर कितीतरी जास्त मुलांनी "तेवढेच आहेत" असं सांगितलं. म्हणजे मूल कधीकधी वस्तू मोजत नसतं, विचारणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखत असतं.

किलबिल

मध्येच घुसते, जरा अवांतर. माझ्या लेकीला एका वर्गात "ही व्हिज्युअल लर्नर आहे" असं सर्टिफिकेट मिळालंय, चांगले पैसे मोजून. तेव्हापासून वाचायला सांगितलं की म्हणते, "मी व्हिज्युअल आहे, मला व्हिडिओ लाव." पुस्तक डोळ्यांनीच वाचतात हे कुणी सांगावं तिला! घडाघडा वाचते, पण काय वाचलंस विचारलं की गप्प.

त्रिज्या

त्या वर्गाचे पैसे गेले समजा. शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं की मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा नाही असं चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये सगळं धुंडाळून लिहून ठेवलंय. आवड असते, ती कोण नाकारतंय. आणि "माझ्या सिद्धांताची शैलींशी गल्लत करू नका" हे खुद्द गार्डनरच सांगून थकला.

वाचनाचं म्हणाल तर गफ आणि टनमर यांचा १९८६ चा साधा हिशोब आहे. वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. तुमच्या लेकीची पहिली बाजू पक्की आहे, दुसरीकडे बघा. तोच उतारा तुम्ही मोठ्याने वाचा आणि तिला नुसतं ऐकू द्या. तरीही समजला नाही, तर अडचण वाचनाची नाहीच, शब्दांची किंवा त्या विषयाच्या माहितीची आहे.

ही माहिती किती चालते याचा एक झकास प्रयोग रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये केला. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ कोळून प्यायलेली मुलं, वाचनात पक्क्या पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. "आकलनशक्ती" नावाची जी वस्तू आपण मुलाच्या डोक्यात आहे असं धरतो, तिचा बराच भाग त्याला आधी काय ठाऊक आहे हाच असतो.

खडूस_काका

हे मात्र पटलं. बुद्धिबळात हेच आहे. पट्टीच्या खेळाडूला मांडलेला डाव पाच सेकंद दाखवला तरी सोंगट्या जागच्या जागी सांगतो, पण त्याच सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की तो जवळजवळ आपल्यासारखाच. म्हणजे स्मरणशक्ती नाही, डावांची ओळख.

पण सावळीबाईंनी चाचणी करू नये असं मी म्हणणार नाही.

अर्धविराम

मीही म्हणत नाही, काका. बराच काळ, बऱ्याच विषयांत मूल मागे पडत असेल, अक्षरं लागत नसतील, तर तज्ज्ञाकडे जावंच, आणि तिथली चाचणी उपयोगाची असते, नुसत्या आकड्यापेक्षा तिच्या आतले तुकडे जास्त. पण एका पानाच्या वजाबाकीसाठी नको.

आणि चाचणीत काय दिसत नाही, तेही सांगते. लेव्ह व्हिगॉट्स्कीने दोन मुलांचं उदाहरण दिलंय. दोघांचं मानसिक वय आठ. मग थोडी मदत केली, एखादी पायरी सुचवली. एक मूल बारा वर्षांच्या मुलांची गणितं सोडवायला लागलं, दुसरं नऊच्या पुढे गेलं नाही. आकडा दोघांचा सारखाच होता. आज हाताला धरून जे जमतं ते उद्या एकट्याला जमेल, आणि शिक्षकाने उभं राहायचं ते त्या दोघांच्या मध्ये. मला सगळं सिद्धांतबिद्धांत वाचून वर्गात उपयोगी पडलेली ही एकच गोष्ट.

सावळीताई, आता करायचं ते. काड्या घ्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबराने बांधा, दोन सुट्या. बावन्न. त्याला म्हणा, यातून सतरा दे मला. तोंडाने काही शिकवू नका, "उसना घे" तर मुळीच नाही. सात सुट्या काड्या मागितल्यावर त्याच्याकडे दोनच आहेत हे त्याच्या हाताला कळू द्या.

अजून एक. आपले आकडे ऐकायला आडमुठे आहेत. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी. एकोणसाठमध्ये तर नऊचा पत्ताच नाही. जर्मन मुलांचंही एकक-दशकाच्या बाबतीत असंच. चिनीत मात्र सरळ "पाच दहा दोन" म्हणतात. अमेरिकन आणि चिनी मुलांची तुलना केली तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोघं बरोबरीने होती, अकरापासून पुढे चिनी मुलं सरस ठरली. तेव्हा काड्या मोजताना तुम्हीही चार दिवस "पाच दशक दोन" म्हणा, बिघडत नाही.

मुक्कामपोस्ट

ते ठीक, पण निदान "तू हुशार आहेस" असं रोज सांगायला काय हरकत आहे? आत्मविश्वास वाढतो.

त्रिज्या

हरकत आहे. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये मुलांना कोडी दिली आणि नंतर काहींना "हुशार आहेस" म्हटलं, काहींना "मेहनत घेतलीस". हुशार ठरलेल्या मुलांनी पुढच्या वेळी सोपी कोडी मागितली, अवघड आल्यावर लवकर हात टेकले, आणि आपले गुण सांगताना जास्त थापाही मारल्या. पदवी मिळाली की ती सांभाळावी लागते!

यावरून पुढे "मानसिकता बदला, गुण वाढवा" असा मोठा बाजार उभा राहिला, त्याला भुलू नका. मोठ्या प्रमाणावर तपासलं तेव्हा परिणाम निघाला, पण बारीक. आणि "मेहनत कर" ऐकून ५२ − १७ सुटत नाही. तो मेहनतीनेच पंचेचाळीस काढत होता.

सावळी

चार दिवसांनी येतेय.

पहिल्या दिवशी काड्या समोर ठेवल्या. "सतरा दे." त्याने एक गठ्ठा दिला, मग दोन सुट्या दिल्या, मग थांबला. बराच वेळ. मी जीभ दातांखाली धरून बसले होते. म्हणाला, "अजून पाच नाहीयेत." मी गप्प. मग गठ्ठ्याकडे बघून, "हा सोडू?" म्हणजे परवानगी मागत होता! मी म्हटलं, तुझ्याच आहेत. रबर काढलं, पाच मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या. "पस्तीस." मग वही ओढून स्वतःच पंचेचाळीसवर काट मारली आणि मला म्हणाला, "बाईंनी सांगितलं होतं गठ्ठा सोडायचं, पण वहीत गठ्ठे कुठे असतात?"

काल दहापैकी नऊ. चाचणी तूर्त पुढे ढकलली. नवरा काड्या घेऊन बसतो त्याच्याबरोबर. काका, तुमचंही वाचून दाखवलं नवऱ्याला, तो तुमच्या बाजूचा आहे.

आज मात्र तीन अंकी दिलं आणि परत घोळ. ५०३ − २७८ = १३५. विचारलं कसं, तर म्हणतो, "तीनातून आठ जात नाहीत. शेजारी शून्य, त्याच्याकडे काहीच नाही, म्हणून पाचाकडून घेतला. मग शून्यातून सात जात नाहीत, म्हणून परत पाचाकडून घेतला. पाचाकडे होते ना!"

अर्धविराम

वा! ही दुसरी चूक आहे, पहिली गेली. शंभराचा एक गठ्ठा बांधा, दहाचे दहा गठ्ठे घालून. मग त्याला विचारा, पाचाकडून पहिल्यांदा घेतलास तेव्हा हातात काय आलं होतं? आणि त्यातलं बाकीचं कुठे ठेवलंस?

पंक्चर_पतंग

शंभर काड्यांसाठी माझ्याकडून एक पेटी.